एक शेगडी, तीन पदार्थ: नाताळाआधीचा घरचा दिवस

पर्वरीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: आम्ही मूळचे सांगलीचे, नोकरीमुळे गोव्यात आलो. यंदा २३ डिसेंबरला आम्हा दोघांनाही सुट्टी आहे. कुठे बाहेर न जाता दिवसभर घरीच राहायचे आणि इथले नाताळाचे गोड पदार्थ करून इमारतीतल्या तीन ख्रिस्ती शेजाऱ्यांना द्यायचे असे ठरवले आहे. ते दरवर्षी आम्हाला ताट पाठवतात. घरात सासूबाई आहेत, त्या अंडे खात नाहीत. मुले सहा आणि अकरा वर्षांची. गेल्या वर्षी दोदोल करायला घेतला, तो तळाला लागला, मुले कंटाळून टीव्हीसमोर बसली आणि संध्याकाळपर्यंत सगळेच चिडलेले. एका दिवसात शांतपणे काय काय होईल? आणि हिंदू घरातून असे ताट पाठवले तर चालते का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. चालते. चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला हिंदू घरांतून नेवऱ्या म्हणजे करंज्या शेजारी जातात, दिवाळीला फोव म्हणजे पोहे जातात आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून कुसवाडाचे, म्हणजे नाताळाच्या गोडाधोडाचे, ताट येते, हे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मी म्हापशाची. चवथ आणि नाताळ अशा दोन्ही वेळी घरून ऑर्डरी घेते, आणि ज्यांना शिकायचे असते त्यांना हे पदार्थ शिकवतेही. दोस, म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याची वडी, करायला मला शेजारच्या ख्रिस्ती आंटीने शिकवले, आणि तिच्या घरच्या नेवऱ्यांचे काठ मुरडायला माझी आई जायची. तेव्हा तो संकोच मनातून काढूनच टाका.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी तुमचा दिवस बिघडला तो तुमच्या हाताला चव नाही किंवा कौशल्य नाही म्हणून नव्हे. दोदोल हा त्या दिवसाचा पदार्थच नव्हता. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून दोन-अडीच तास, कधी त्याहून जास्त वेळ, न थांबता घोटायचे असते. तूप सुटेपर्यंत हात थांबला की तळ धरलाच. जुन्या घरांत मोठे भाण चुलीवर चढायचे आणि घोटणारी माणसे आलटून-पालटून उभी राहायची. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ते सगळे एका बाईच्या खांद्यावर येते, आणि बाकीच्या घराला हात लावायलाही काही उरत नाही. बेबिंकाचेही तेच. सात किंवा त्याहून जास्त थर, प्रत्येक थर वरून भाजला गेल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही, शिवाय त्यात भरपूर अंड्यांचे बलक. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते मिळण्यासारखे कष्ट त्यात आहेतच. ज्या बाया वर्षानुवर्षे हे करतात त्यांच्याकडून दोदोल आणि बेबिंका विकत घ्या आणि घरी मनापासून खा. ताटात घालायचे ते तुम्ही केलेले असू द्या.

म्हणून माझा सल्ला असा: पदार्थ निवडताना आधी चव बघू नका, तो करताना घरातली माणसे कुठे असतील ते बघा. उभ्याचे काम एकच ठेवा. बाकी सगळे बैठे काम हवे, जे जमिनीवर चादर अंथरून, मध्ये परात ठेवून, गप्पा मारत करता येते. आणि कुठल्याही वेळी शेगडी एकच पेटलेली असावी. दोन शेगड्यांवर दोन पदार्थ चढले की घरातली एक बाई आपोआप सगळ्यांवर ओरडायला लागते. तुमच्याकडे ती तुम्ही असाल.

या हिशेबाने तीन पदार्थ पुरेत: दोस, नेवऱ्या आणि कुलकुल, म्हणजे मैद्याच्या गोळ्या वळून तळलेले गोड तुकडे. तिन्ही अंड्याशिवाय होतात. कुलकुलात काही घरी अंडे घालतात, पण नारळाच्या दाट दुधात पीठ भिजवले तर त्याची गरज पडत नाही. तीन शेजारी आणि तुमचे घर धरून पाव किलो हरभऱ्याच्या डाळीचा दोस, पाव किलो मैद्याच्या नेवऱ्या आणि पाव किलो मैद्याचे कुलकुल बस्स झाले. यापेक्षा जास्त करायला जाऊ नका. शेजाऱ्यांच्या घरी त्या दिवसांत आधीच आठ-दहा प्रकार असतात. तुमच्या ताटात प्रत्येकाचे चार-पाच नग असले तरी ते भरलेले दिसते.

बाजार २३ ला मुळीच ठेवू नका. त्या आठवड्यात पर्वरीच्या हमरस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि एका नारळासाठी बाहेर पडलात तर सकाळ गेली. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी असते, त्या दिवशी सगळे आणून टाका. जमले तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा. नारळ चांगले वजनदार आणि कानाशी हलवले की पाणी वाजणारे तीन घ्या. लागतील दोन, पण एखादा खवट निघतो. नारळ महाग असला, तरी इथे कंजुषी करू नका. काजू पाकळी घेतली तरी चालेल, अख्खा लागत नाही. वेलची, तीळ, खसखस, सुके खोबरे, साजूक तूप हे तुमच्या घरात असेलच.

२२ च्या रात्री जेवणे झाल्यावर तासभराचे काम उरकून ठेवा. एक नारळ दोसासाठी खवा, दुसऱ्याचे दाट दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा. रवा आणि सुके खोबरे मंद भाजून नेवऱ्यांचे सारण कालवून ठेवा. झोपताना हरभऱ्याची डाळ भिजत घाला. नारळ खवणे हे यजमानांचे काम. इथल्या पुरुषांना आदोळीवर म्हणजे खवणीवर बसायला कमीपणा वाटत नाही, तुमच्याकडेही वाटू नये.

आता दोस. याच्यावर जरा थांबते, कारण पहिल्यांदा करणाऱ्यांचे इथेच चुकते. तुम्हाला पुरणपोळीचे पुरण येते, म्हणजे अर्धा दोस येतो. पुरण जिथे थांबते तिथून दोस पुढे जातो. सकाळी चहा झाला की तो आधी करायला घ्या, कारण हात ताजे असतात आणि त्याला दिवसभर निवायला वेळ मिळतो. डाळ बोटात दाबली की पूर्ण चिरडेल इतकी शिजवा, पण कुकरमध्ये तिचा गाळ होऊ देऊ नका. चाळणीवर ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. ते पाणी फेकायचे नाही, दुपारच्या जेवणाला लागणार आहे. डाळ गरम असतानाच गुळगुळीत वाटा. खवलेले खोबरेही मिक्सरला अगदी बारीक वाटून घ्या, पाणी घालायचेच झाले तर चमचा-दोन चमचे. खोबरे जाडसर राहिले तर वडी कापताना काठ तुटतो.

जाड बुडाच्या कढईत वाटलेली डाळ, खोबरे, ४०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला. साखर विरघळली की सगळे पातळ होईल. तिथे घाबरायचे नाही आणि साखरही वाढवायची नाही. मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने तळ खरवडत ढवळत राहा. थोड्या वेळाने मिश्रण फटफट उडायला लागते, तेव्हा आच कमी करा, हात लांब ठेवा आणि मुलांना ओट्यापासून दूर बसवा. हे उडालेले थेंब कातडीला चिकटून भाजतात. साधारण पाऊण तासाने आवाज बदलतो. फटफट थांबते आणि उलथने फिरवले की तळ क्षणभर कोरडा दिसून मागे पुन्हा भरतो. आता दोन मोठे चमचे तूप आणि वेलची घाला. पुढच्या पाच-सात मिनिटांत मिश्रण कडा सोडून एका गोळ्यात उलथन्याभोवती फिरू लागेल. चिमूटभर बशीत काढून फुंकर घाला आणि बोटांत वळून बघा. गोळी वळली आणि बोटाला काही लागले नाही की लगेच उतरवा. चिकटत असेल तर अजून पाच मिनिटे. त्यापुढे मात्र नेऊ नका, थंड झाल्यावर त्याचा खडा होतो.

तूप लावलेल्या ताटात ओता, वर तुपाचा हात लावलेला केळीच्या पानाचा तुकडा ठेवून वाटीच्या बुडाने सारखे करा. पान काढून कोमट असतानाच सुरीच्या टोकाने आडव्या-तिरक्या रेघा मारा. काही घरांत वरचा भाग काट्याने रेघारेघांचा करतात, त्याने ताट देखणे दिसते. शंकरपाळ्यासारखे तुकडे प्रत्यक्ष कापायचे ते २४ ला सकाळी.

दुपारी त्याच कटाची आमटी आणि भात. पापड भाजा, लोणचे वाढा, बस्स. गोड पदार्थांच्या दिवशी जेवणात आणखी काही करायला गेलात तर तुमची दुपार ओट्याशी जाईल. जेवून सगळ्यांनी तासभर आडवे व्हा. हे मी आग्रहाने सांगते आहे. पुढचे काम दोन-अडीच तास बसून करायचे आहे, आणि दमलेल्या माणसांच्या हातून नेवरीची कड नीट बंद होत नाही.

तीनच्या सुमाराला चादर अंथरा. आधी मुलांचे कुलकुल. पाव किलो मैद्यात दोन चमचे गरम तुपाचे मोहन, तीन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे नारळाचे दूध घालून पुरीपेक्षा थोडे मऊ पीठ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. चणीबोराएवढी गोळी काट्याच्या उलट्या बाजूवर, दात्यांवर, अंगठ्याने पातळ पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. काटा नसेल तर नवा, स्वच्छ धुतलेला कंगवा चालतो. शेवटची कड नीट दाबली पाहिजे, नाहीतर तेलात उलगडते. सहा वर्षांच्या मुलाचे कुलकुल जाड होतील, ते वेगळ्या ताटलीत ठेवा आणि जरा मंद आचेवर जास्त वेळ तळा. ते टाकून देऊ नका आणि पुन्हा वळायलाही लावू नका. शेजाऱ्यांच्या ताटात तेही जाऊ द्या.

त्याच वेळी दुसऱ्या परातीपाशी सासूबाई. नेवरी म्हणजे तुमची करंजीच, आणि करंजी त्यांना येतेच. इथल्या पद्धतीने ओले खोबरे साखरेत परतून, भरपूर काजू घालून सारण करतात; ते चवीला फार सुंदर लागते, पण तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. तुम्ही सुक्या खोबऱ्याचे करा. गोव्याची हुबेहूब नेवरी करायचा हट्ट नको. तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी त्यांच्या नेवऱ्या असणारच आहेत, सांगलीची करंजी त्यांना तुमच्याकडूनच मिळणार. फक्त काजू सढळ हाताने घाला. सासूबाईंना हाताने मुरड घालता येत असेल तर कातण बाजूला ठेवा आणि मोठ्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवा. अंगठ्याने काठ किंचित दाबायचा, आत दुमडायचा, पुन्हा दाबायचा. पहिल्या पाच-सहा वाकड्या येतात, मग हाताला लय सापडते. अकरा वर्षांचे पोर हे एका दुपारी शिकते. आजीच्या हातचे शिकायला त्याला अशी दुसरी दुपार वर्षभरात मिळेलच असे नाही, म्हणून ही वाया घालवू नका. लाटलेल्या पाऱ्या आणि भरलेल्या नेवऱ्या ओल्या पिळलेल्या फडक्याखाली ठेवा.

तळताना क्रम पाळा: आधी कुलकुल, शेवटी नेवऱ्या. एखादी नेवरी तेलात फुटली की सारण तळाशी जाऊन जळते आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना काळे ठिपके येतात. कुलकुल आधी काढून झालेले असले की तेवढे नुकसान टळते. आच मंद ते मध्यम. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. समुद्राच्या हवेने इथे तळण लवकर सादळते, तेव्हा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि तळाला कागद.

कंदिलासाठी वेगळा वेळ काढू नका. दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर आणि दिवा माळ्यावर असेलच, बाजारातला कागदी तारा त्यावर चढवला आणि बाल्कनीत टांगला की झाले.

ताट २४ ला सकाळी पाठवा. त्या दिवशी दुपारनंतर घरोघरी रात्रीच्या मिसेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, गडबड असते, पाहुणे येतात, आणि बेल वाजवून उभे राहिलेल्या माणसाशी धड बोलताही येत नाही. मुलांच्या हाती द्या, सोबत तुम्ही जा. वर स्वच्छ क्रोशाचा किंवा साधा धुतलेला रुमाल घाला. त्यांच्या गेल्या वर्षीच्या ताटातले एखादे भांडे तुमच्याकडे राहिले असेल तर त्याच भांड्यात घालून द्या. रिकामे भांडे परत करू नये हे तुमच्याकडेही पाळतात.

एक गोष्ट आधी हळूच विचारून ठेवा. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल त्या घरी नाताळाचे गोड करत नाहीत. त्यांना नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. तुमच्या तीन घरांपैकी असे एखादे असेल तर तिथले ताट सगळ्यांत आधी जाऊ द्या आणि दारातून परत न फिरता पाच मिनिटे बसून या.

आणि त्यांच्याकडून ताट येईल तेव्हा सासूबाईंसाठी एवढे लक्षात ठेवा. दोस, दोदोल, पेराद म्हणजे पेरूची वडी, आणि नेवऱ्या यांत सहसा अंडे नसते. बेबिंका, बोलिन्हा म्हणजे खोबऱ्याची बिस्किटे, आणि रवा-खोबऱ्याचा बातिका केक यांत असते. कुलकुलाचे विचारून घ्यावे लागते. विचारल्याचे कोणाला वाईट वाटत नाही, उलट पुढच्या वर्षी त्या घरून सासूबाईंसाठी वेगळी वाटी येते. माझ्या आईसाठी यायची.

दोस २४ ला सकाळी कापायला घेतला आणि वडी पडेना, मऊच राहिला, तर सगळा परत कढईत घाला, चमचाभर तूप घालून मंद आचेवर दहा मिनिटे परता आणि पुन्हा थापा. फार कडक झाला असेल तर दोन चमचे दूध शिंपडून गरम करा. दोस बाहेर आठवडाभर नीट राहतो, त्यापुढे फ्रिज.

शेवटचे एक, आणि हे २३ च्या बरेच आधी करायचे आहे. तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणाकडे गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडतात का ते मुलांना विचारून यायला सांगा. बहुतेक मांडत असतीलच. त्या गोठ्यात हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू रुजवून ठेवतात. नवरात्रात घटाखाली धान्य पेरतो तसेच हे, मुलांना ते ओळखीचे असेल. मूठभर नाचणी रात्रभर भिजवा, पसरट डब्यात किंवा जुन्या ताटलीत दोन बोटे माती घालून दाट पेरा, वर मातीचा हलका थर द्या, रोज पाणी शिंपडा. पहिले तीन-चार दिवस झाकून ठेवा, मग खिडकीत उजेडात आणा. १३-१४ तारखेला पेरली तर २३ ला बोटभर उंच आणि दाट असते, आणि मुले ती संध्याकाळी स्वतः नेऊन शेजारच्या गोठ्यात मांडू शकतात. नाचणी जुनी असेल तर उगवत नाही, तेव्हा ताजी आणा, आणि एका ताटलीऐवजी दोन पेरा.